लो केलेल्या स्विफ्टचा टायर पुन्हा पुन्हा का घासतो?

लक्षण सगळ्यांचं एकच. स्विफ्टला सतरा इंची मॅगव्हील चढवली, लोअरिंग (म्हणजे गाडी खाली बसवणाऱ्या) स्प्रिंगा टाकल्या, गाडी अशी काही दिसायला लागली की जाणारे-येणारे वळून बघतायत. एकट्याने चालवली तेव्हा काही नाही. रविवारी घरची मंडळी मागे बसली आणि सोसायटीच्या गेटवरच्या गतिरोधकावरच मागच्या डाव्या बाजूने ‘खर्रर्र’. गाडी परत दुकानात. मिस्त्री फेंडरची, म्हणजे चाकावरच्या पत्र्याची, आतली कड हातोड्याने आत वळवतो आणि म्हणतो, ‘दादा, आता नाय घासणार, बिनधास्त जावा.’ पंधरवडा बरा जातो. मग पुन्हा खर्रर्र. कोणी लायनर (चाकावरच्या पोकळीतलं प्लास्टिकचं अस्तर) कापून देतो, कोणी स्प्रिंगच्या वेढ्यांत रबरी बफर कोंबतो, कोणी हवा वाढवायला सांगतो. आवाज थोडे दिवस गप्प बसतो आणि पावसाळ्यात खड्डे पडले की हजर.

यात एक गैरसमज इतका पक्का बसलाय की तो आधी मोडायला हवा. गाडी लो केली म्हणून टायर घासत नाही. चाक चुकीचं घेतलं म्हणून घासतो. लो केल्यामुळे ते रोज ऐकू येतं, एवढंच.

चाक वर कुठवर जाणार याची शेवटची हद्द स्प्रिंग ठरवत नाही, बंप स्टॉप ठरवतो. शॉकअपच्या दांड्यावर बसलेला फोमचा किंवा रबराचा ठोकळा, तोच तो. कंपनीच्या उंचीवर असतानाही एखाद्या जबर खड्ड्यात चाक त्या हद्दीपर्यंत जायचंच, पण क्वचित. स्प्रिंगने गाडी ४० मिमी खाली आणली की ती त्या हद्दीच्या ४० मिमी जवळ जाऊन उभी राहते. हद्द हलत नाही, तिथे जाणं-येणं वाढतं. म्हणजे जो टायर आज घासतोय तो मूळ स्प्रिंगवरही कधीतरी घासलाच असता. (बंप स्टॉप कोणी कापून टाकला असेल तर गोष्ट वेगळी, त्यावर पुढे येतो.)

म्हणूनच दुकानासमोर उभ्या गाडीत टायर आणि फेंडरच्या मध्ये बोट घालून ‘बघा, एवढी जागा आहे’ म्हणण्याला काही अर्थ नाही. ती जागा रिकाम्या, सरळ चाकाच्या, उभ्या गाडीची. आपल्याला हवी आहे स्प्रिंग पूर्ण दाबलेली आणि स्टिअरिंग पूर्ण वळवलेलं असतानाची जागा.

कुठे घासतंय?

मागून आवाज येतो म्हणजे मागचंच चाक, असं धरून चालू नका. केबिनमध्ये आवाज फसवा येतो. खडू घ्या, पांढरा नको, रंगीत. टायरच्या खांद्यावर, म्हणजे जमिनीला टेकणारा भाग आणि बाजूची भिंत यांच्या मधल्या कडेवर, चारही टायरना जाड रेघ ओढा. फेंडरच्या आतल्या कडेला मास्किंग टेप लावा. मग गाडीत नेहमीची माणसं बसवा, मागे तिघं हवीतच, आणि आवाज येतो त्याच गतिरोधकावरून त्याच वेगाने न्या. नंतर एखाद्या मोकळ्या मैदानात स्टिअरिंग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवत पुढे-मागे घ्या. उतरून टॉर्च मारा. लायनरवर खडूचा रंग कुठे उमटलाय आणि टेप कुठे फाटलीय, यात अर्धं निदान झालेलं असतं.

पुढे स्टिअरिंग पूर्ण वळवल्यावरच घासत असेल, तर खूण बहुधा लायनरच्या मागच्या भागावर किंवा पुढे बंपरच्या कोपऱ्याजवळ सापडते. कारण चाक बाहेर आलेलं असतं. वळताना चाक एका आसाभोवती फिरतं आणि ते जितकं बाहेर तितका त्याचा घेर मोठा. त्यात टायरचा व्यासही वाढलेला असेल तर विचारायलाच नको.

मागे फेंडरच्या कडेवर टेप फाटली असेल आणि तीही फक्त माणसं बसल्यावर, तर टायर रुंद आहे किंवा बाहेर आला आहे. मागे टॉर्शन बीम (दोन्ही चाकांना जोडणारा आडवा दांडा) असल्यामुळे एकच चाक उचललं गेलं की बीमला पीळ बसतो आणि टायर किंचित कलतो. त्यामुळे सरळ गतिरोधकावर गप्प असणारी गाडी तिरकी उतरताना घासते. सोसायटीच्या रॅम्पवर नेमकं हेच होतं.

खडू कुठेच उमटला नाही आणि तरी आवाज आहे? मग ते घासणं नाही. ‘धप्प’ असा एकच बंद आवाज असेल तर बंप स्टॉप लागतोय. बारीक खडबडीत रस्त्यावर हळू चालवताना ‘टक टक’ येत असेल तर स्टॅबिलायझरची (वळणावर गाडी कलू नये म्हणून असलेल्या दांड्याची) लिंक रॉड बघा. लो केलेल्या गाडीत तिचा कोन बदलतो आणि तिचे जॉइंट लवकर सैल होतात. हे न बघता फेंडर ठोकलेल्या गाड्या कमी नाहीत.

पुढच्या चाकाबाबत एक गोष्ट दुकानात सहसा कोणी सांगत नाही. स्विफ्टच्या पुढच्या मॅकफर्सन रचनेत शॉकअप आणि चाक एकाच नकलला (चाक धरणाऱ्या लोखंडी तुकड्याला) जोडलेले असतात, ते एकत्रच वर जातात आणि एकत्रच वळतात. त्यामुळे टायरची आतली भिंत आणि शॉकअप यांच्यातली फट गाडी कितीही दाबली, कितीही वळवली तरी जवळपास तेवढीच राहते. उभ्या गाडीत तिथे ५ मिमी असेल तर घाटातही साधारण तेवढीच. उलट लायनर आणि फेंडर यांच्याशी असलेली फट सतत बदलते. म्हणून आतल्या बाजूला थोडी कमी जागा चालते, बाहेर चालत नाही. लोक नेमकं उलटं करतात: आत शॉकअपला लागेल या भीतीने स्पेसर (चाकामागे बसणारी चकती) टाकून चाक बाहेर ढकलतात आणि मग फेंडर ठोकत बसतात.

ऑफसेटचं गणित

मॅगव्हीलच्या आतल्या बाजूला ‘ईटी’ अक्षरांपुढे एक आकडा कोरलेला असतो. तो ऑफसेट. चाकाची मध्यरेषा आणि चाक हबला (ज्यावर ते नटांनी आवळतात त्या भागाला) टेकतं ती पातळी यांच्यातलं मिमीमधलं अंतर. आकडा मोठा तर चाक आत, लहान तर बाहेर. दुकानात डिझाइन, रंग, पीसीडी (नटांच्या भोकांतून जाणाऱ्या वर्तुळाचा व्यास, मिमीमध्ये) सगळं विचारलं जातं, हा आकडा कोणी विचारत नाही. घासण्याचा सगळा निकाल मात्र याच आकड्यात असतो.

हिशोब वहीत दोन ओळींचा आहे. टायरच्या रुंदीच्या निम्म्यातून ऑफसेट वजा करा: टायर हबच्या पातळीपासून बाहेर किती येतो ते कळतं. निम्म्यात ऑफसेट मिळवा: आत किती जातो ते कळतं.

समजा मूळ टायर १८५ रुंदीचा आणि मूळ चाकाचा ऑफसेट ४५. बाहेर ९२.५ वजा ४५, म्हणजे ४७.५ मिमी. आत १३७.५. (तुमच्या चाकावरचा आकडा वाचून घ्या, व्हेरिएंटप्रमाणे फरक असू शकतो.) आता बाजारात सर्रास मिळणारं सतरा इंची चाक घेऊ, ऑफसेट ३५, त्यावर २०५ चा टायर. बाहेर १०२.५ वजा ३५, म्हणजे ६७.५. आत १३७.५. म्हणजे आतल्या बाजूला एक मिमीसुद्धा जास्त वापरला नाही आणि वाढलेले सगळे २० मिमी बाहेर, फेंडरच्या दिशेने. वीस मिमी म्हणजे जवळपास अंगठ्याची रुंदी. हातोड्याने कड कितीही वळवा, ती काही मिलिमीटरच देते. पंधरवड्याने आवाज परत का येतो याचं उत्तर इथे आहे.

त्याच टायरला ४५ ऑफसेटचं चाक घेतलं असतं तर १० मिमी बाहेर आणि १० मिमी आत अशी विभागणी झाली असती. १९५ चा टायर आणि ४५ ऑफसेट घेतला तर फक्त ५ आणि ५. रिम नेहमीपेक्षा अर्धा इंच रुंद असेल तर टायर साधारण ५ मिमी आणखी पसरतो, दोन्हीकडे मिळून, तेही धरा. आणि ५ मिमीचा स्पेसर टाकणं म्हणजे ऑफसेट पाचने कमी करणं. फुकट काही मिळत नाही.

सुझुकीने स्वतः सतरा इंच कसे बसवले ते बघण्यासारखं आहे. परदेशात विकलेली २०१७-१८ च्या पिढीची स्विफ्ट स्पोर्ट आपल्या २०१८ च्या स्विफ्टच्याच हार्टेक्ट प्लॅटफॉर्मवरची. तिला टायर १९५/४५ आर१७ (मिमीमध्ये रुंदी, बाजूच्या भिंतीची उंची रुंदीच्या किती टक्के, आणि रिमचे इंच), रिम साडेसहा इंच, ऑफसेट ५०. आपल्याकडे ‘लुक’साठी २०५, सात-साडेसात इंच रिम आणि ३५ ऑफसेट. त्या गाडीचा ग्राउंड क्लिअरन्स १२० मिमी आहे, आपल्या स्विफ्टचा १६३. इतकी खाली बसूनही ती फेंडर खात नाही. (ती चाकं शोधायला जाऊ नका, तिला पाच नट असतात, आपल्या गाडीला चार.)

दुसरा आकडा व्यासाचा. भारतातल्या स्विफ्टचे मूळ टायर १६५/८० आर१४ किंवा १८५/६५ आर१५. दोघांचा व्यास ६२० मिमीच्या आसपास, पहिल्याचा ६१९.६ आणि दुसऱ्याचा ६२१.५. आता पर्याय बघा:

१९५/५५ आर१६: ६२०.९ मिमी, जवळपास मूळच.
२०५/५५ आर१६: ६३१.९, त्रिज्येत ५ मिमी वाढ.
१९५/६० आर१६: ६४०.४, त्रिज्येत साडेनऊ मिमी.
२०५/४५ आर१७: ६१६.३, किंचित लहान.
२०५/५० आर१७: ६३६.८, त्रिज्येत साडेसात मिमी.

शेवटचा टायर दुकानात ‘स्टॉकमध्ये आहे, स्वस्तात देतो’ म्हणून हमखास गळ्यात पडतो. वर केलेल्या गणितात बाहेरचे २० मिमी होतेच, त्यात वर आणि पुढे-मागे प्रत्येकी साडेसात मिमी. अशा गाडीत मग स्टिअरिंग वळवल्यावर लायनरही घासतो आणि माणसं बसल्यावर फेंडरही. १९५/६० आर१६ घातला तर काटा १०० दाखवताना गाडी पूर्वीपेक्षा सुमारे ३ टक्के जास्त पळत असते, तेही लक्षात असू द्या.

स्प्रिंग काढून बघा

गणित कागदावर झालं, आता गाडीवर खात्री. याहून चांगली पद्धत मला माहीत नाही आणि ज्या गॅरेजवाल्याला ती पटते त्याच्याकडेच काम द्यावं. पुढचा शॉकअप उतरवायचा, त्यातली स्प्रिंग काढायची, बंप स्टॉप आणि डस्ट कव्हर जागेवर ठेवून नुसता शॉकअप परत बसवायचा. गाडी भक्कम स्टँडवर. मग नवीन चाक लावून खाली जॅक लावायचा आणि चाक हळूहळू वर घ्यायचं, बंप स्टॉप टेकून दाबला जाईपर्यंत. या अवस्थेत स्टिअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत. जिथे टायर जवळ येतो तिथे मुलांची खेळायची क्ले चिकटवा. टायर तिला दाबून जातो आणि मागे जी जाडी उरते ती तुमची खरी फट. मागे तर स्प्रिंग शॉकअपपासून वेगळी असते, काम आणखी सोपं.

स्प्रिंग काढायला कॉम्प्रेसर लागतो आणि तो नीट हवा. घरी दोन हुकांवर हे करायला जाऊ नका. सुटलेली स्प्रिंग जबडा फोडते.

ज्यांना एवढं नको त्यांच्यासाठी हलका उपाय आहे. डस्ट कव्हर वर सरकवा, शॉकअपच्या चकचकीत दांड्यावर एक प्लास्टिकची केबल टाय बांधा आणि ती खाली शॉकअपच्या अंगाला टेकवा. नेहमीच्या रस्त्याने फिरून या. दांडा आत गेला की अंग टायला वर ढकलतं आणि टाय तिथेच राहते. परत आल्यावर टाय आणि अंग यांच्यातलं अंतर मोजा, तेवढा प्रवास त्या फेरीत वापरला गेला. टाय बंप स्टॉपला जाऊन चिकटली असेल, तर तुमची गाडी रोज बंप स्टॉपवर चालते आहे. स्प्रिंगचं काम आता ठोकळा करतोय.

पुष्कळ गाड्यांत टाय तिथेच सापडते. ४० मिमीने लो करायची, शॉकअप मात्र कंपनीचे, मग दुसरं काय होणार? शॉकअप मूळ लांबीच्या प्रवासासाठी बनवलेला असतो. यावर आपल्याकडचा जुगाड म्हणजे बंप स्टॉप निम्मा कापणे. ‘धप्प’ जातं खरं, पण चाकाची ती शेवटची हद्द आता वर सरकली. जो टायर घासत नव्हता तो घासू लागतो आणि शॉकअपचा पिस्टन आतून आपटून तेल गळायला लागतं. काही लोअरिंग स्प्रिंगांसोबत त्यांच्यासाठी बनवलेला आखूड बंप स्टॉप येतो, तो आणि त्यांच्याशी जुळणारा आखूड शॉकअप घालणं वेगळं, आणि ब्लेडने कापणं वेगळं.

स्प्रिंगचे वेढे कापण्याबद्दल फार लिहीत नाही. वेढा कमी केला की स्प्रिंग कडक होते, हे खरं. पण गाडी जॅकवर उचलली की ती आपल्या बैठकीतून सुटी होते आणि खाली येताना तिरकी बसू शकते. गॅसने तापवून बसवलेल्या स्प्रिंगेचं पाणीच उतरलेलं असतं. असं करून देणारा मिस्त्री दिसला तर चहा पिऊन परत या.

मग करायचं काय?

फट कमी निघाली तर पहिला प्रश्न चाकाचा, फेंडरचा नव्हे. ऑफसेट चुकीचा असेल तर चाकं बदला. दुकानदार बदलून देत नसेल तर विका, मॅगव्हीलना गिऱ्हाईक मिळतं. ऑफसेट ठीक आहे पण टायर मोठा आहे, तर टायरचं माप बदला. १५ वरून १६ वर गेलात आणि १९५/५५ घेतलात, ऑफसेट ४० ते ४५, तर स्विफ्टमध्ये बहुतेक भानगड उरतच नाही. मला विचाराल तर आपल्या रस्त्यांवर या गाडीला सोळापुढे जायची गरज नाही. कारण पुढे आहे.

त्यानंतर उंची. ४० ऐवजी २५ मिमीच्या स्प्रिंगा दिसायला फार कमी वाटत नाहीत आणि प्रवास उरतो. गतिरोधकाचा हिशोबही करा. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मानकातला गोलाकार गतिरोधक १० सेंमी उंच आणि ३.७ मीटर रुंद असतो. पालिकेचा ठेकेदार किंवा सोसायटीचा सेक्रेटरी तो वाचून बांधत नाही, उंची तेवढीच किंवा जास्त आणि रुंदी हातभर. १६३ मधून ४० गेले, उरले १२३, त्यातही चार माणसं बसली. पोट टेकणारच.

फेंडरची कड वळवणं हा शेवटचा उपाय, आणि तोही ५ मिमीच्या आतल्या कमतरतेसाठी. करायचाच तर हातोडा नको, हबवर बोल्ट होणारं रोलर मिळतं, त्याने आणि हीट गनने रंग गरम करून हळूहळू. मागची कड दोन पत्र्यांची असते, आत सीलर भरलेला. तो फुटला की पाणी शिरतं. कोकणातल्या, मुंबईतल्या, गोव्यातल्या गाड्यांत पुढच्याच पावसाळ्यात तिथून गंज फुगून बाहेर येतो. वळवल्यावर आतून पुन्हा सीलर आणि अंडरकोटिंग झालंच पाहिजे.

स्प्रिंगमधले रबरी बफर मात्र काढून फेका. त्या एका वेढ्याचं काम बंद पडतं, बाकीच्यांवर ताण येतो आणि मागचं बूड उचलल्यासारखं होऊन लो केल्याचा फायदाही जातो.

स्प्रिंगा बसवताना एक गोष्ट स्वतः उभं राहून बघा. लोअर आर्म आणि मागच्या बीमचे बुशाचे बोल्ट चाकं लोंबकळत असताना आवळायचे नसतात. बुशातलं रबर आतल्या नळीला चिकटलेलं असतं. लोंबत्या स्थितीत आवळलं की गाडी खाली टेकल्यावर रबर कायमचं पिळलेलं राहतं. गाडी हवी तेवढी बसत नाही आणि बुश वर्षभरात फाटतात. बोल्ट सैल ठेवायचे, गाडी चाकांवर उतरवायची, दोन-तीनदा दाबायची आणि मग आवळायचे. खड्ड्यावर किंवा रॅम्पवर हे दहा मिनिटांचं काम आहे. आळस केला तर मागाहून येणाऱ्या ठकठकीचा शोध महिनोन्‌महिने चालतो.

घासणं थांबलं, पण आता ८० ला स्टिअरिंग थरथरतं

बॅलन्सिंग दोनदा केलं तरी जात नाही? हब रिंग बघा. स्विफ्टच्या हबची गोलाई ५४.१ मिमी. बाहेरची मॅगव्हील सगळ्या गाड्यांना चालावीत म्हणून मधलं भोक मोठं, बऱ्याचदा ७३.१ मिमी, ठेवतात. मधली फट भरायला रिंग लागते. ती नसेल तर चाक फक्त नटांवर मध्यावर येतं आणि केसभर जरी सरकलं तरी वेगात थरथर. रिंगा स्वस्त असतात. चाक घेतानाच मागून घ्या.

नट स्विफ्टला १२ मिमी जाडीचे, १.२५ पिचचे (दोन आट्यांमधलं अंतर, मिमीमध्ये). हाताने फिरवत किमान साडेनऊ-दहा फेरे बसले पाहिजेत. स्पेसर टाकला असेल तर हे मोजल्याशिवाय गाडी हलवू नका. आणि पीसीडी १०० म्हणजे १००. जुन्या फियाटची ९८ ची चाकं ‘बसतात साहेब’ म्हणून कोणी लावून देत असेल तर नट तिरका आवळला जातो, पुढे स्टड तुटतो. नवीन चाकं लावल्यावर शंभरेक किलोमीटरनंतर नट पुन्हा टॉर्क रेंचने तपासा, आकडा गाडीच्या मॅन्युअलमध्ये आहे.

टायर आतल्या कडेने झिजत असेल तर सगळे कॅम्बरला (चाकाच्या उभ्या कलाला) शिव्या घालतात. लो केल्यावर कॅम्बर थोडा आत जातो, हे खरं, पण टायर खातो तो बहुतेक वेळा टो, म्हणजे वरून बघताना चाकं किती फाकली किंवा मिटली आहेत तो कोन. गाडी खाली बसली की टाय रॉडचा कोन बदलतो आणि पुढची चाकं आपोआप थोडी फाकतात किंवा मिटतात. नवीन स्प्रिंगा काही शे किलोमीटरमध्ये थोड्या बसतात, तेव्हा अलाइनमेंट लगेच एकदा आणि त्या बसल्यावर पुन्हा एकदा. मागच्या चाकांचा आकडा स्क्रीनवर लाल दिसला आणि मिस्त्री ‘मागचं होत नाही’ म्हणाला तर तो खरं बोलतोय. टॉर्शन बीमला फिरवायला काही नसतं.

आता सोळापुढे का नको ते. टायरच्या भिंतीची उंची मूळ १६५/८० ला १३२ मिमी, १८५/६५ ला १२०, १९५/५५ ला १०७ आणि २०५/४५ ला ९२. खड्ड्याची धार आणि रिम यांच्यामध्ये एवढंच रबर. ते कमी झालं की टायरच्या बाजूला गाठ येते, आतले दोरे तुटलेले असतात, आणि तो टायर मग दुरुस्त होत नाही. शिवाय वजनाचा आकडा बघा. १८५/६५ आर१५ चा लोड इंडेक्स साधारण ८८ असतो, म्हणजे एका टायरला ५६० किलो. २०५/४५ आर१७ चा साधा टायर ८४, म्हणजे ५००. तो घ्यायचाच तर एक्सएल (जास्त वजन पेलणाऱ्या) प्रकारचा, ८८ वाला घ्या, आणि त्याला हवाही जास्त लागते. मूळ दारावरच्या स्टिकरवरची हवा त्यात भरून चालवलं की खड्ड्यात गाठ ठरलेली.

कायद्याचं थोडक्यात. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे निर्मात्याने दिलेल्या, नोंदणीत आलेल्या मूळ तपशिलांशी विसंगत ठरेल असा बदल करता येत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तेच उचलून धरलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२अ मध्ये परवानगीबाहेरच्या प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही आहेत. तुमच्या गाडीच्या दुसऱ्या व्हेरिएंटला कंपनीच देते त्या मापात राहिलात तर डोक्याला ताप कमी. विमा कंपनीला बदल लेखी कळवा, अपघातानंतर सर्व्हेअरने शोधून काढण्यापेक्षा ते बरं.

आणि मूळ चाकं, स्प्रिंगा, बंप स्टॉप दुकानदाराला ‘एक्स्चेंज’मध्ये देऊ नका. दोन-अडीच हजार कमी करतो म्हणेल. स्प्रिंगांवर पुढची-मागची, डावी-उजवी असं मार्करने लिहून माळ्यावर टाका. गाडी विकताना, तपासणीला नेताना किंवा गणपतीत सहकुटुंब सामानासकट गावी जाताना त्या लागतात. आणि बाजारात जोडी शोधायला गेलात की स्विफ्टसारख्या गाडीच्याही न दबलेल्या, चांगल्या चार स्प्रिंगा मिळायला दमछाक होते.